हार्ट फेल्युअर: आकुंचन कमजोर की स्नायू ताठर?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त हृदय पुरवू शकत नाही, किंवा आतला दाब वाढवूनच पुरवते. हे दोन वाटांनी घडते.

पहिल्या प्रकारात डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू अशक्त होतो आणि कप्पा बहुधा फुगतो. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर जाणारा हिस्सा, ४० टक्के किंवा त्याहून कमी होतो. पूर्वीचा हार्ट अटॅक हे याचे मोठे कारण. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हा प्रकार सहसा लगेच दिसतो.

दुसरा प्रकार फसवा. इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा ५० टक्के किंवा वर असतो, पण स्नायू ताठर झाल्याने कप्पा नीट सैल पडत नाही. तो भरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत जातो आणि दम लागतो. उतारवय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा यांच्या सोबतीने हा येतो. स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. ‘पंपिंग चांगलं आहे’ एवढे ऐकून दम वयावर ढकलला जातो, याची मला फार काळजी वाटते. दम, पायांवर सूज, आडवे झाल्यावर गुदमरणे ही लक्षणे दोन्हींत तीच.

४१ ते ४९ टक्क्यांचा मधला गटही आहे.

औषधांत मात्र मोठा फरक. पहिल्या प्रकारात बीटा ब्लॉकर (ठोके मंदावून हृदयावरचा ताण कमी करणारी औषधे) धरून चार गटांची औषधे आयुष्य वाढवतात. दुसऱ्यात एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरच्या गोळ्यांनी रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटते. बाकी भर रक्तदाब, वजन आणि साठलेले पाणी आटोक्यात ठेवण्यावर.