‘मांजर’ नाही, ‘मनी’ लिहिलंय : चित्रपुस्तकांसोबतचे आठ महिने

लेक पाच वर्षांची, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचायला तिला घरीच शिकवावं लागणार हे दिसत होतं. आधी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावला. ‘ग गणपतीचा’ ती घडाघडा म्हणायची, पण ‘गवत’ समोर आलं की गप्प. मग जूनपासून रोज झोपताना एक चित्रपुस्तक सुरू केलं.

बरीचशी पुस्तकं ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरची. २०१५ पासून तिथे गोष्टी मोफत आणि मुक्त परवान्याखाली आहेत, त्यामुळे हव्या तितक्या प्रती काढता येतात. चार स्तर आहेत. पहिल्या स्तरातल्या गोष्टी २५० शब्दांच्या आतल्या. मोबाइलवर वाचणं आठवडाभरात सोडलं, कारण शब्दाखाली बोट ठेवलं की पान सरकायचं. काळ्या-पांढऱ्या प्रती काढून पिना मारल्या. चित्रं तिनेच रंगवली आणि त्या पुस्तकांवर तिचा जास्त जीव आहे.

पहिले दोन महिने ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. आजी म्हणाल्या, “अगं, ही तर नुसती पोपटपंची!” मलाही शंका यायची, पण मी टोकलं नाही. एका रात्री चित्र बघून ती म्हणाली, “मांजर दूध पितं.” बोट शब्दावर होतं, तिथेच थांबलं. “आई, इथे काना नाहीये. मांजर कसं असेल?” छापलं होतं ‘मनी दूध पिते’. मला रडूच आलं. पाठ होती म्हणूनच चूक तिच्या डोळ्यांना खटकली, असं मला आता ठाम वाटतं. एकच वाक्य पानोपानी थोडं बदलत येतं अशी पुस्तकं म्हणूनच आधी घ्यावीत.

खरी अडचण जोडाक्षरांची. ‘त्याने’, ‘म्हणाला’, ‘झाल्यावर’ यांच्याशिवाय मराठीत गोष्ट सांगणं कठीण, त्यामुळे सोप्या पुस्तकांतही ती येतातच. ‘त्याने’चं ‘तयाने’ व्हायचं. सुरुवातीला वर्तमानकाळातली पुस्तकं निवडली : बेडूक उडी मारतो, ससा पळतो. छपाईकडेही बघा. विकत घेतलेल्या एका पुस्तकात ‘ख’चे दोन भाग इतके सुटे होते की खारूताईची ‘रवारूताई’ झाली. दुसऱ्यात ‘ल’ हिंदी वळणाचा, तो तिला ओळखूच आला नाही.

दुसऱ्या स्तराची पुस्तकं अजून मीच वाचते. ‘म्हणाली’ आलं की थांबते. तेवढा शब्द तिचा.