शिकाऊ मुलांसाठी बार : देशी १५ किलोचा टेक्निक संच कितपत कामाचा?

तालुक्याच्या गावात वेटलिफ्टिंगचा वर्ग सुरू करायचा म्हटलं की पैसे सगळ्यात आधी प्लॅटफॉर्मच्या रबरावर आणि भिंतीवरच्या आरशावर जातात. बारची पाळी शेवटी येते आणि तो 'ऑलिम्पिक बार' या नावाखाली जे मिळेल ते घेऊन भागवला जातो. हा क्रम उलटा आहे. रबर जरा पातळ असलं तरी मूल स्नॅच (बार जमिनीवरून एकाच झटक्यात डोक्यावर नेणं) शिकतं. टोकं मोकळी न फिरणाऱ्या बारवर मात्र ते चुकीचा स्नॅच शिकतं, आणि पुढे ती खोड मोडायला वर्ष जातं.

हे परीक्षण देशी टेक्निक संचाचं आहे. बाजारात तो साधारण असा मिळतो : १५ किलोचा बार, पाच किंवा दहा किलोचा हलका बार, अडीच आणि पाच किलोच्या पूर्ण व्यासाच्या प्लास्टिक प्लेट, आणि प्लेट जागेवर आवळून धरणाऱ्या कॉलरची जोडी. कारखान्याचं नाव देण्यात अर्थ नाही. एकाच साच्यातला माल वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकला जातो, आणि एकाच शिक्क्याच्या दोन बारमध्येही फरक निघतो. म्हणून नाव बघून बार घेऊ नका, समोरचा नग तपासून घ्या.

आधी मापं. स्पर्धेचा पुरुषांचा बार २० किलोचा, २२०० मिलिमीटर लांब आणि पकडीत २८ मिलिमीटर जाड असतो. महिलांचा १५ किलोचा, २०१० मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर जाड. इथे अनेकांची एक गफलत होते. १५ किलोचा बार आखूड असला तरी दोन स्लीव्हमधलं (प्लेट घालायच्या, टोकांच्या फिरत्या नळ्यांमधलं) अंतर दोन्ही बारमध्ये सारखंच, १३१० मिलिमीटर असतं. आखूड असतात त्या स्लीव्ह : पुरुषांच्या बारच्या ४१५, महिलांच्या ३२० मिलिमीटर. देशी १५ किलोच्या बारमध्ये हे अंतर बहुतेक वेळा बरोबर मिळतं. संचातल्या हलक्या बारचं तसं नाही. तो आखूड करताना मधला भागच कापलेला असू शकतो. मग स्नॅचच्या रुंद पकडीत करंगळी स्लीव्हच्या कडेला टेकते, मूल नकळत हात आत घेतं आणि बार कमरेच्या घडीत लागण्याऐवजी मांडीवर आपटतो. शिक्षक 'बार कमरेला लाव' म्हणून ओरडत राहतो. दोष मुलाचा नाही, पकडीला जागाच नसते. दुकानात टेप घेऊन जा आणि पहिलं माप हेच घ्या.

दुसरं माप नर्लिंगमधल्या (पकडीसाठी दांड्यावर कोरलेल्या खरखरीत खाचांमधल्या) गुळगुळीत पट्टीचं. वेटलिफ्टिंगच्या बारवर या दोन पट्ट्यांमधलं अंतर सुमारे ९१० मिलिमीटर असतं, पॉवरलिफ्टिंगच्या बारवर ८१०. देशी बारांवर सर्रास ८१० ची खूण असते, काहींवर दोन्ही असतात. 'तर्जनी पट्टीवर' असं सांगून पकड शिकवली आणि वर्गात दोन जातीचे बार असले, तर बार बदलला की त्याच मुलीचा प्रत्येक हात पाच सेंटिमीटरने सरकतो. रंगीत चिकटपट्टी लावून सगळे बार एका मापावर आणा, नाहीतर पकड पट्टीवरून शिकवणं सोडून द्या.

आता मुद्द्याचं : स्लीव्ह फिरणं. क्लीनमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यावर घेताना, कोपरं बारखालून पुढे येतात तेव्हा हातातला दांडा झटकन फिरतो. दोन्ही बाजूंच्या ४५० मिलिमीटर व्यासाच्या प्लेट मात्र जागच्या जागी राहायला बघतात. स्लीव्ह दांड्यावर मोकळी असेल तर प्लेट मागे राहतात आणि कोपरं निसटून पुढे येतात. स्लीव्ह अडकत असेल तर प्लेटचा सगळा विरोध मनगटावर येतो. कोपरं उशिरा येतात, बार खांद्यावर बसायच्या आधी छातीवर आदळतो आणि मूल तो हातांनी ओढून वर आणायला शिकतं. स्नॅचमध्ये याच कारणाने बार डोक्यावर येताना मनगट मागे मुडपतं. मनगटाला पट्टे बांधून हे झाकता येतं, दुरुस्त होत नाही.

दुकानदार स्लीव्हला टिचकी मारून ती गरगर फिरवून दाखवतो. त्या प्रयोगाला काही किंमत नाही. रिकामी स्लीव्ह कशीही फिरते. खरी तपासणी अशी : बार स्टँडवर ठेवा, दोन्ही बाजूंना दहा-दहा किलो लावा, प्लेटच्या माथ्यावर खडूने रेघ मारा. मग दांडा मधोमध पकडून मनगटाच्या झटक्याने पाव फेरा पुढे आणि पाव फेरा मागे फिरवा. रेघ माथ्यावरच राहिली तर बार चांगला. रेघ दांड्याबरोबर हलली तर आत बुश (दांडा आणि स्लीव्ह यांच्यामधली धातूची नळी) घट्ट आहे, किंवा वंगण सुकलंय, किंवा स्लीव्ह जराशी तिरकी बसली आहे. दोन्ही टोकं वेगवेगळी तपासा. एक बाजू मोकळी आणि दुसरी जड असा बार सगळ्यात वाईट, कारण त्यावर मूल एकाच कोपराने वळायला शिकतं.

देशी १५ किलोच्या बारमध्ये बहुधा पितळी किंवा काशाचे बुश असतात, महागड्यांत नीडल बेअरिंग. शिकाऊंसाठी बुशचा बार पुरतो, मात्र बुश नीट घासून बसवलेला हवा. बेअरिंग असूनही खरखरणारा बार दुकानातच ठेवून या. कान स्लीव्हजवळ नेऊन हळू फिरवला की आतली रेती किंवा कीस ऐकू येतो. टोकाकडेही बघा. स्लीव्ह सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडकवलेली असेल तर ठीक, ती खोलून साफ करता येते. टोकाला मोठा षटकोनी बोल्ट असेल तर नको. बार चार महिने आपटला की बोल्ट ढिला होतो, स्लीव्ह पुढेमागे खुळखुळते आणि एक दिवस निघून हातात येते.

दांडा सरळ आहे का हे बघायला बार दोन बाकांवर आडवा ठेवा आणि हळू फिरवत स्लीव्हचं टोक न्याहाळा. टोक हवेत गोल काढत असेल तर बार वाकलेला आहे, परत करा. वजनकाट्यावरही ठेवा. स्पर्धेच्या साहित्याला फार कडक सूट असते, नियम अधिक ०.१ आणि उणे ०.०५ टक्क्याचा आहे, म्हणजे २० किलोच्या बारला २० ग्रॅम जास्त किंवा १० ग्रॅम कमी. शिकाऊ वर्गाला एवढा काटेकोरपणा नको, बार शंभर-दीडशे ग्रॅमने चुकला तरी काही बिघडत नाही. प्लेटच्या जोडीत फरक मात्र चालणार नाही. डावी पाच किलो आणि उजवी पाच किलो दोनशे ग्रॅम असेल तर हलक्या वजनात बार तिरपा जातो आणि शिक्षक मुलाच्या खांद्यात दोष शोधत बसतो. दोन्ही प्लेट काट्यावर घालून जोड्या जुळवा, मागे मार्करने क्रमांक टाका.

जाडीला मी सगळ्यात जास्त गुण देतो. २५ मिलिमीटरचा दांडा ही या संचाची खरी कमाई आहे. हुक ग्रिपमध्ये अंगठा बारभोवती घालून त्यावर तर्जनी आणि मधलं बोट दाबायचं असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा पंजा २८ मिलिमीटरवरच पुरत नाही, जिममधल्या ३० मिलिमीटरच्या बारवर तर सोडाच. मग अंगठा दुखतो आणि मूल हुक सोडून साधी पकड घेतं. त्यामुळे सुरुवातीला मुलगे आणि मुली दोघांनाही १५ किलोच्या बारवरच घ्या. व्हर्नियर असेल तर तीन ठिकाणी मोजा. २५ म्हणून विकलेला बार मुलामा धरून २६ भरला तरी चालेल, २७ नको.

नर्लिंग या संचांमध्ये दोन टोकांचं असतं. एकतर इतकं पुसट की चॉक लावूनही हात घसरतो, नाहीतर लोखंडाच्या कानशीसारखं. धारदार असेल तर पहिल्या महिन्यातच तळव्याची कातडी उलते आणि नडगी सोलवटते, मग मूल बार नडगीपासून लांब नेऊन उचलायला लागतं. ही भीतीतून लागलेली सवय फार चिवट असते. अशा बारचे खाचे बारीक पॉलिश पेपर एकदोनदा फिरवून मऊ करता येतात, पण मुलामा जाऊन गंज धरतो. महिलांच्या बारला मधोमध नर्लिंग नसतं. तुमच्या १५ किलोच्या बारला ते असेल तर समजा की पुरुषांच्या बारचाच साचा वापरलाय.

लवचीकपणावर, म्हणजे बारच्या स्प्रिंगवर, शिकाऊ वर्गाने एक रुपयाही जास्त घालवू नये. जर्कच्या (खांद्यावरचा बार डोक्यावर ढकलण्याच्या) डिपमध्ये, म्हणजे आधी गुडघे जरा वाकवताना, बार वाकून परत उसळतो त्याचा फायदा शंभरच्या पुढची वजनं लागतात तेव्हा होतो. चाळीस किलोवर कुठलाही बार काठीच असतो.

आता प्लेट. पूर्ण व्यास म्हणजे ४५० मिलिमीटर, त्यामुळे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. ही उंची हाच टेक्निक प्लेटचा सगळा उपयोग. लोखंडी पाच किलोची छोटी प्लेट लावली, समजा २३ सेंटिमीटर व्यासाची, तर बार साडेअकरावर येतो. मूल वाकून कंबर गोल करतं आणि पहिल्याच दिवशी चुकीचा आरंभ शिकतं. प्लास्टिक प्लेट परवडत नसतील तर अशा छोट्या प्लेटखाली अकरा सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे ठेवा. दिसायला गावठी दिसतं, पण उंची बरोबर येते.

देशी प्लास्टिक प्लेटचा कच्चा दुवा मधल्या भोकाशी असतो. भोक पन्नास मिलिमीटरच्या स्लीव्हवर खुळखुळत असेल तर प्रत्येक आपटीला कडेवर ताण येतो आणि तिथून बारीक तडे फुटतात. प्लेट स्लीव्हवर घालून वरखाली हलवा. दोन मिलिमीटरहून जास्त खेळ असेल तर घेऊ नका. आणि वर्गाचा नियम करा : फक्त टेक्निक प्लेट असलेला बार डोक्यावरून सोडायचा नाही, हातांनी सांभाळत कमरेपर्यंत आणायचा आणि मग खाली ठेवायचा. रबराच्या पातळ पाच किलोच्या प्लेटचंही तेच. एकटीवर सगळी आपट आली की ती दुमडते आणि पुन्हा कधी सरळ फिरत नाही. बार सांभाळून खाली आणणं हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे, ती पहिल्या आठवड्यातच शिकवा.

हलक्या बारबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बऱ्याच संचांत तो अॅल्युमिनियमचा असतो, स्लीव्ह फिरतच नाहीत आणि किती वजन चालेल हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते लेखी मागा. दोन प्लेट आणि कॉलर मावतील एवढी स्लीव्ह आहे का बघा. अगदी लहान मुलांना उचलण्यातल्या स्थिती समजावायला तो ठीक, प्लास्टिकच्या पाइपपेक्षा नक्कीच बरा. पाइपला वजनच नसल्यामुळे मुलं तो हातांनी वर फेकतात, पायांनी ढकलणं त्यांना कळतच नाही. पाइपवर एकदोन तास पुरेत, त्यानंतर अडीच-अडीचच्या प्लेट लावलेला हलका बार द्या.

आयात बारशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील. स्वीडनच्या एलेइकोचा बार १९६३ च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेपासून वापरात आहे आणि त्याची ख्याती खोटी नाही. स्लीव्हची फिरत, नर्लिंगचा एकसारखेपणा, वर्षानुवर्षं सरळ राहणारा दांडा, यांत देशी बार त्याच्या जवळपासही येत नाही. पण त्या एका बारच्या किमतीत देशी बार कितीतरी येतात, आणि वीस मुलांच्या वर्गात एकच उत्तम बार असण्यापेक्षा पाच चालणारे बार असणं जास्त उपयोगाचं. रांगेत उभं राहून कोणी स्नॅच शिकत नाही. जिल्हा आणि राज्य स्पर्धेला जाणारी मुलं तयार झाली की एक चांगला बार घ्या आणि तो फक्त प्लॅटफॉर्मवर वापरा. स्क्वॉट रॅकच्या आडव्या दांड्यांवर तो कधीही आपटू देऊ नका, बार तिथेच वाकतात.

महाराष्ट्राची पदकं मोठ्या शहरांतल्या चकचकीत जिममधून आलेली नाहीत. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत एकट्या कुरुंदवाडच्या तिघांनी, गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी, कांस्य मिळवलं. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅच ११३ आणि क्लीन-जर्क १३५ मिळून २४८ किलोंचं रौप्य आणलं. देशी संच अशाच गावांतल्या वर्गांसाठी आहे, म्हणून त्याला तपासणी न करता सूट देणं परवडणारं नाही.

देखभाल फार नाही. रोज शेवटी नायलॉनच्या ब्रशने खाचांतला चॉक काढा, तो दमट हवेत पाणी धरून ठेवतो. कोकणात आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तेलाच्या फडक्याने दांडा पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने कोरडा करा, तेलकट बार हातातून निसटतो. लोखंडी तारेचा ब्रश नको, मुलामा निघतो. बुशला महिन्यातून एखाददुसरा थेंब हलकं तेल, जास्त घातलं तर धूळ चिकटून तेच गच्च होतं.

कॉलर मात्र संचातले वापरू नका. ते बहुधा तारेची स्प्रिंग असतात आणि दोन महिन्यांत ढिले पडतात. जर्कमध्ये एक प्लेट दोन बोटं सरकली तरी बार एका बाजूला ओढतो. पक्का आवळणारा वेगळा कॉलर घ्या, स्पर्धेसारखा अडीच किलोचा नसला तरी चालेल. मागणी नोंदवताना बार, प्लेट आणि कॉलर यांची किंमत बिलावर वेगवेगळी लिहून मागा, म्हणजे नापास झालेली एक वस्तू परत करताना दुकानदार 'संच फोडता येत नाही' म्हणून हात वर करणार नाही.