बाथरूमच्या भिंतीवर विटांच्या रचनेतल्या टाइल्स: आठ महिने वापरल्यानंतर

शॉवरच्या भिंतींना १०० × २०० मिमीच्या पांढऱ्या टाइल्स लावून आता आठ महिने झाले. रचना विटांच्या बांधकामासारखी, म्हणजे वरच्या ओळीतला उभा सांधा खालच्या टाइलच्या बरोबर मध्यावर. टाइल कोणती घ्यावी, रंग कोणता, यावर भरपूर वाचायला मिळतं. पहिली टाइल नेमकी कुठे लावायची यावर फारसं मिळत नाही, आणि अंघोळीला गेल्यावर रोज डोळ्यांना जे दिसतं ते तर तिथेच ठरतं. म्हणून लिहितेय.

समोरची भिंत १६५० मिमी रुंद. मिस्त्रींनी मध्यरेषा काढून ओळंब्याने खाली उतरवली आणि मधोमध सांधा धरून सुरुवात करायला निघाले. मी आधीच एका सरळ लाकडी पट्टीवर खुणा करून ठेवल्या होत्या: २०० ची टाइल, २ चा सांधा, पुन्हा २००, पुन्हा २. पट्टी मध्यरेषेला लावून पाहिली तर प्रत्येक बाजूला चार टाइल्स पूर्ण बसून कोपऱ्यात फक्त १६ मिमी उरत होते. एवढी चिंधी कापताना निम्म्या वेळा मोडते, आणि बसली तरी वाईट दिसते.

"मग मधोमध टाइल घेऊ," मिस्त्री म्हणाले. सांध्यावर सांधा येणाऱ्या साध्या रचनेत हा उपाय अगदी बरोबर आहे. इथे त्याचा उपयोग नाही, कारण मधोमध सांधा असलेल्या ओळीच्या वर मधोमध टाइल असलेली ओळ येणारच असते. सुरुवात कशानेही करा, दर दुसऱ्या ओळीला १६ मिमीची चिंधी आणि मधल्या ओळींना ११७ चा तुकडा. हे मला कागदावर चार ओळी काढल्यावर कळलं, तोंडी सांगून कळलं नसतं.

शेवटी आम्ही सुरुवातीची रेषाच ५० मिमी, म्हणजे पाव टाइल, एका बाजूला सरकवली. आता एका ओळीत डावीकडे ६६ आणि उजवीकडे १६८, पुढच्या ओळीत डावीकडे १६७ आणि उजवीकडे ६७ (यातून कोपऱ्यातली फट वजा करायची). दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या राहिल्या नाहीत, पण लहान तुकडा एका ओळीत डावीकडे तर पुढच्या ओळीत उजवीकडे येतो, त्यामुळे तोल राहतो. आठ महिन्यांत आलेल्या-गेलेल्यांपैकी कुणालाही मध्य सरकलेला जाणवला नाही. मला स्वतःलाही मुद्दाम शोधावा लागतो.

दाराच्या बाजूच्या भिंतीला मात्र घाई केली. तिथे पट्टी लावून पाहिली नाही, आणि चौकटीलगत दर दुसऱ्या ओळीला बोटाएवढा तुकडा आलाय. त्यातल्या दोन तुकड्यांच्या कडा उडाल्यात. दार उघडलं की नजर आधी तिथेच जाते.

कोपऱ्यात कापून उरलेला तुकडा पुढच्या भिंतीवर नेला की टाइल कोपऱ्यात दुमडल्यासारखी दिसते, रचना अखंड वाटते. फार सुंदर दिसतं ते. आमच्याकडे तसं केलं असतं तर एका ओळीला ३० मिमीचा तुकडा आला असता, म्हणून बाजूच्या भिंतीची आखणी वेगळी केली.

जमिनीला जाळीकडे उतार असतो, म्हणून टाइल जमिनीवर टेकवून सुरुवात करू नका. लेव्हलने आडवी पट्टी ठोकून दुसरी ओळ आधी लावली आणि तळाची ओळ शेवटी मापाने कापून बसवली. आडव्या रेषा आजही सुतात आहेत.

कोपऱ्यांत सगळीकडे सिमेंटचं ग्राउट (टाइल्समधल्या सांध्यांत भरतात तो लगदा) भरलं गेलं होतं. तिसऱ्या महिन्यात उभ्या कोपऱ्यात केसासारखी भेग दिसली. दोन भिंती स्वतंत्रपणे किंचित हलतात आणि ग्राउट कडक, ते तुटणारच. खरवडून काढून सिलिकॉन भरलं, त्यानंतर काही झालं नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून करून घ्यायला हवं होतं.

साफसफाईचं खरं सांगते. या मापाच्या टाइलला एका चौरस मीटरमागे साधारण १५ मीटर सांधे येतात, ३०० × ६०० च्या टाइलला साधारण ५ मीटर. म्हणजे घासायला तिप्पट. फिकट राखाडी ग्राउट घेतलं हे बरं झालं, पांढरं घेतलं असतं तर खालच्या तीन ओळी एव्हाना पिवळट दिसल्या असत्या. अंघोळ झाली की भिंतीवरून हातवायपर फिरवते, क्षारांचे डाग धरत नाहीत. आम्लाचे क्लीनर वापरत नाही, ते सिमेंटचं ग्राउट खातात.

आता बेसिनची भिंत. तिथे ३०० × ६०० च्या टाइल्स हौसेने याच अर्ध्या सरकीने, म्हणजे प्रत्येक ओळ अर्धी टाइल सरकवून लावल्या, आणि ती चूक मोठी आहे. लांब टाइल भट्टीत किंचित वाकते, मधे उचललेली आणि टोकांना बसलेली. अर्ध्या सरकीत एका टाइलचा सर्वांत उंच भाग दुसऱ्या टाइलच्या सर्वांत खोल टोकाशेजारी येतो. दिवसा काही दिसत नाही. संध्याकाळी आरशावरचा दिवा लागला की उजेड वरून भिंतीला घासत खाली येतो आणि आडव्या सांध्यांखाली सावलीचे तुकडे उमटतात. बोट फिरवलं तर नखाला कड लागते. मिस्त्रींचं काम वाईट नाही, शेजारच्या टाइल्स एका पातळीत धरणाऱ्या क्लिपा लावूनही टाइलचा बाक जात नाही. अशा लांब टाइलला एक तृतीयांश सरक द्यायची, म्हणजे इथे २०० मिमी, असं पेटीवर छापलेलं होतं. ते मी भिंत पूर्ण झाल्यावर वाचलं. शॉवरच्या भिंतींना हात लावणार नाही, ही एक भिंत मात्र उतरवून पुन्हा लावायची आहे, आणि त्यासाठी खुणांची पट्टी नव्याने करून ठेवली आहे.