पुण्यात सिंहगड रोडचा नदीकाठ (एकता नगरी): राहायला छान, विकत घ्यायला माझ्याकडून २.५ स्टार

तीन वर्षं झाली आम्ही इथे दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतोय आणि आता रिसेलचा टू बीएचके बघतोय, म्हणून लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

एरियाबद्दल तक्रार नाही. भाजी, दवाखाना, मुलीचा क्लास सगळं चालत, संध्याकाळी मुठा नदीवरून गार वारा, आणि शेजारी तर लाख मोलाचे.

पण २५ जुलै २०२४ ची पहाट मी विसरू शकत नाही. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पुढे पाणी सोडलं होतं आणि आम्ही खिडकीतून बघितलं तर पार्किंगमधल्या गाड्यांचे फक्त टप दिसत होते, नंतर बोटी आल्या, लष्कर आलं, तळमजल्यावरचे काका-काकू अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे वर आले. दहा दिवसांनी, ४ ऑगस्टला, परत तेच.

आमच्या घरात पाणी शिरलं नाही, तरी मीटर रूम, पंप, लिफ्टचा पिट, पाण्याची टाकी सगळं खालीच ना! लाइट नाही, टाकीत गाळ, टँकर मागवा, आणि दुरुस्तीची वर्गणी प्रत्येक फ्लॅटला सारखी. म्हणजे वरचा मजला घेतला की सुटलो असं अजिबात नाही.

एजंट म्हणतो मॅडम असा पूर रोज येतो का. अहो, पुण्यात मुठेची निळी पूररेषा (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) ६० हजार क्युसेकला धरलीय आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदाच्या पुराची) १ लाखाला, म्हणजे त्या दिवशी निळ्या रेषेइतकंही पाणी नव्हतं आणि तरी आम्ही बुडालो. वर खडकवासला धरण जेमतेम दोन टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), म्हणजे छोटंच, घाटात रात्रभर धो धो पडला की काही तासांत भरतं आणि सोडावंच लागतं, आणि आता पाऊस असाच येतो, महिन्याचा दोन दिवसांत.

हे सगळं भावात कुठे दिसतं? मी चार फ्लॅट बघितले, एकट्या तळमजल्यावाल्याने किंमत कमी केली, बाकी तिघांचा रेट रस्त्यापलीकडे चढावर असलेल्या तेवढ्याच जुन्या बिल्डिंगइतकाच. एका ठिकाणी तर भिंतीला कंबरेपर्यंत ताजा रंग होता, विचारलं तर मालक गप्प.

बघायला जाल तेव्हा वॉचमनला आणि खालच्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलं होतं, ते हाताने दाखवतात. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या (डीपी) नकाशात पूररेषा बघा. मीटर वर उचलून बसवलेत का बघा. घराचा विमा घ्या, त्यात पूर आणि घरातलं सामान दोन्ही कव्हर आहे ना ते वाचून घ्या. गाडीच्या विम्यात इंजिन प्रोटेक्शन हवंच, आमच्या समोरच्यांनी पाणी उतरल्यावर चावी फिरवली, आत पाणी असल्याने इंजिन गेलं आणि क्लेम अडकला.

आम्ही हिंगण्याच्या बाजूला चढावर बघायला सुरुवात केलीय, दोन खोल्या लहान मिळाल्या तरी चालेल. काका-काकूंना पण तिकडेच चला म्हणतोय, पण त्यांचा फ्लॅट विकला जात नाहीये.