कीबोर्ड डॉक असलेला दहा इंची टॅबलेट : मुद्रितशोधनाच्या कामातील अनुभव

विंडोज ११ वर चालणारा आणि कीबोर्ड डॉकमधून उचलून वेगळा करता येणारा दहा इंची टॅबलेट मी उन्हाळ्यापासून दिवाळी अंकांची धामधूम संपेपर्यंत रोजच्या कामासाठी वापरला. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की या यंत्राचे जवळजवळ सगळे गुण आणि सगळे दोष त्याच्या एकाच वैशिष्ट्यातून निघतात: संपूर्ण संगणक पडद्याच्या मागे आहे आणि डॉकमध्ये कळा, टचपॅड व एक यूएसबी पोर्ट यांपलीकडे काहीही नाही. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि बॅटरी कीबोर्डाखाली असतात व पडदा हा केवळ पडदा असतो. येथे ती मांडणी उलटी झाली आहे. ब्रँडचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातील बहुतेक भाग या घडणीच्या कोणत्याही यंत्राला लागू पडेल.

माझे काम मुद्रितशोधनाचे आहे आणि त्या कामात डॉकपासून सुटा केलेला टॅबलेट अपेक्षेपेक्षा फार उपयोगी पडला. आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांची पुस्तके बहुधा डेमी आकारात छापली जातात. ते पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते. १०.१ इंची पडदा १६:१० या प्रमाणाचा असेल, तर उभा धरल्यावर त्याची रुंदी सुमारे ५.३५ इंच आणि उंची ८.५६ इंच भरते. म्हणजे पुस्तकाचे पान छापून येईल जवळजवळ त्याच मापात संपूर्ण दिसते. अनुस्वार वेलांटीवर चढला आहे का, रफार शेजारच्या अक्षरावर सरकला आहे का, परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर गेली आहे का, हे मूळ मापात पाहताना डोळ्यांना लगेच खटकते. लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर एक तर अर्धे पान दिसते किंवा संपूर्ण पान आक्रसून दिसते. पडदा १६:९ प्रमाणाचा असेल तर हा लाभ कमी होतो, कारण उभ्या स्थितीत रुंदी पाच इंचांच्याही किंचित आत येते. दिवाळी अंकाचे मोठे पान मात्र कोणत्याही दहा इंची पडद्यावर लहान करूनच पाहावे लागते, आणि त्या हंगामात मी पुष्कळदा छापील प्रुफेच मागवली.

पेनने पीडीएफवर खुणा करता येतात. हाताचा तळवा पडद्यावर टेकला तरी चालतो, पण घाईने लिहिले की रेघ पेनच्या मागे रेंगाळते, त्यामुळे समासातील सविस्तर शेरे मी टंकलिखित करतो आणि पेन केवळ खुणांसाठी ठेवतो. पेन खोचण्यासाठी टॅबलेटला जागा नाही ही गैरसोय लहान असली तरी रोजची आहे.

वजनाचा विचार येथूनच सुरू होतो. सुटा टॅबलेट सुमारे ६०० ग्रॅमचा आहे. बॅटरीसह सगळे काही त्यातच असल्यामुळे एका हातात धरून एखादे प्रकरण वाचून होते, मग मनगट तक्रार करू लागते. डॉकला जोडल्यावर एकूण वजन १.२ किलोच्या आसपास जाते, म्हणजे हलक्या लॅपटॉपपेक्षा फारसे कमी राहत नाही. रिकाम्या डॉकचे एवढे वजन का असावे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर असे की वरचा भाग जड असल्यामुळे खालचा भाग हलका ठेवला तर संपूर्ण यंत्र मागे कलंडेल. म्हणून उत्पादक डॉकच्या तळाशी धातूचे वजन घालतात आणि बिजागरी एका मर्यादेपलीकडे उघडणार नाही अशी योजना करतात. ज्या वजनाने कोणतेही काम होत नाही ते पिशवीतून वाहून न्यावे लागते, आणि एवढे करूनही पडदा लॅपटॉपइतका मागे झुकत नाही. टेबल उंच असेल तर हे जाणवत नाही. मांडीवर ठेवल्यावर मात्र पडदा थोडा अधिक मागे जावा असे सतत वाटत राहते. मांडीवर असताना पडद्याच्या वरच्या भागाला बोट लावले की यंत्र मागे डोलते, त्यामुळे स्पर्शाचा पडदा असूनही डॉकवर काम करताना मी टचपॅडच वापरू लागलो.

मात्र याच रचनेचे दोन फायदे झाले. पहिला असा की प्रोसेसरची उष्णता पडद्यामागे राहते आणि मांडीपर्यंत पोहोचत नाही. पंखा नसल्यामुळे आवाजही नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत या गोष्टीचे महत्त्व कळते. दुसरा असा की बिजागरी स्वतःच्या बळावर पडदा तोलून धरते, म्हणून मागे जागा लागत नाही. ज्या टॅबलेटांना मागून पाय काढून उभे करावे लागते, त्यांना कीबोर्डासह बरीच खोली लागते. रेल्वेच्या चेअर कारमधील पुढच्या आसनाच्या पाठीला असलेल्या अरुंद फळीवर ते नीट बसत नाहीत, हे यंत्र बसते.

डॉकच्या निरुपयोगी वजनाच्या अडचणीवर कंपन्यांनी पूर्वी वेगवेगळे उपाय करून पाहिले आहेत. २०११ मध्ये आलेल्या आसुसच्या ईई पॅड ट्रान्सफॉर्मरच्या डॉकमध्ये दुसरी बॅटरी होती. एकट्या टॅबलेटचे साडेनऊ तास डॉकसह सोळा तासांवर जातात असा कंपनीचा दावा होता, आणि त्या वजनाचा काही तरी मोबदला मिळत होता. २०१५ च्या मायक्रोसॉफ्ट सरफेस बुकमध्ये तर मोठी बॅटरी खालच्या भागात होती आणि काही मॉडेलांत स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसरही तेथेच होता. त्यामुळे तोल सुधारला, पण सुटा पडदा स्वतःच्या लहान बॅटरीवर थोडेच तास चालत असे. कमी किमतीच्या आजच्या डॉकांत दुसरी बॅटरी सहसा आढळत नाही. मला विचाराल तर डॉकमध्ये बॅटरी घालणे हाच प्रामाणिक मार्ग होता. वजन घालायचेच असेल तर ते विजेचे असावे.

आता कीबोर्डाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण मराठी लिहिणाऱ्याला येथे जी अडचण येते ती इंग्रजीत काम करणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. पूर्ण मापाच्या कीबोर्डावर दोन कळांच्या मध्यांतील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. दहा इंची टॅबलेटाच्या रुंदीत ते संपूर्ण बसत नाही, म्हणून मधल्या अक्षरांच्या कळा जवळजवळ पूर्ण मापाच्या ठेवून उजव्या कडेच्या कळा बारीक केल्या जातात. इंग्रजीत तेथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस अशी क्वचित लागणारी चिन्हे असतात, त्यामुळे हा व्यवहार शहाणपणाचा ठरतो. परंतु १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-आराखड्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला दिलेली आहेत, आणि नेमक्या त्या कडेच्या कळांवर च, ट, ड आणि शिफ्टसह छ, ठ, ढ येतात. य हे अक्षर तिरप्या रेघेच्या कळेवर आहे. यातील च आणि य ही अक्षरे मराठीत किती वेळा लागतात हे सांगायला नको. ‘च्या’ हा प्रत्यय लिहिताना दोन्ही अक्षरे बारीक कळांवरच शोधावी लागतात.

याहून अधिक त्रास उजव्या शिफ्टचा झाला. अ, आ, इ, ए हे स्वतंत्र स्वर डाव्या हाताच्या कळांवर शिफ्टसह असल्यामुळे, न पाहता टंकलेखन करणारी व्यक्ती त्यांसाठी उजवी शिफ्ट दाबते. माझ्या डॉकमध्ये ही शिफ्ट अंगठ्याच्या नखाएवढी आहे आणि तिच्या अलीकडे वर जाणाऱ्या बाणाची कळ घुसवलेली आहे. परिणामी ‘आणि’ लिहिताना बोट बाणावर पडले की कर्सर वरच्या ओळीत जातो आणि तेथे ‘ाणि’ उमटते. सवयीने हे प्रमाण पुष्कळ कमी झाले, पण संपले नाही. विंडोजमध्ये मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठीसाठी फोनेटिक कीबोर्ड अंगभूत मिळतो आणि तो रोमन अक्षरांच्या कळांवर चालत असल्यामुळे कडेच्या बारीक कळांचा प्रश्न बराचसा टळतो. ज्यांचा हात इन्स्क्रिप्टवर बसलेला नाही, त्यांनी या आकाराच्या डॉकवर फोनेटिकच घ्यावा असे मी सुचवीन.

डॉक आणि टॅबलेट यांच्यामध्ये धातूच्या काही टाचण्या असतात व त्यांतूनच वीज आणि संदेश जातात. त्यामुळे डॉकला वेगळे चार्ज करावे लागत नाही आणि ब्लूटूथ जोडण्याची कटकट नाही, ही मोठी सोय आहे. मात्र पावसाळ्यात दमट हवेत या टाचण्यांवर मळ धरला आणि लिहिता लिहिता कीबोर्ड क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. कोरड्या मऊ कापडाने पुसल्यावर दोष गेला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा पुसतो.

डॉक काढल्यावर विंडोज ११ चिन्हांमधील अंतर वाढवते, पण विंडोज १० मध्ये जो स्वतंत्र टॅबलेट मोड होता तो आता नाही. वाचण्यासाठी याने बिघडत नाही. लिहिण्यासाठी पडद्यावरचा मराठी कीबोर्ड उघडला की आडव्या स्थितीत जवळजवळ अर्धा पडदा झाकला जातो आणि ज्या ओळीत दुरुस्ती करायची तीच त्याखाली जाते, म्हणून एका शब्दाहून मोठी दुरुस्ती असेल तर मी डॉक लावतो.

वेग, आवाज आणि कॅमेरा यांविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही. वर्डची फाइल, तीनशे पानांची पीडीएफ आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवता येतात, त्याहून अधिक मागू नये. बॅटरी माझ्या वापरात कामाचा दिवस जेमतेम काढते. चार्जिंगचे पोर्ट पडद्याच्या कडेला मध्यावर असल्यामुळे वायर हवेत लोंबकळते आणि शेजारून कोणी गेले की तिला धक्का लागतो.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. पडदा चिकटवलेला असल्यामुळे टॅबलेटची बॅटरी बदलणे हे घरी करण्याजोगे काम नाही, आणि पडदा फुटला तर संपूर्ण संगणकच उघडावा लागतो. उलट कळा झिजल्या किंवा कीबोर्डावर चहा सांडला, तर नुकसान डॉकपुरते राहते, फाइली सुरक्षित राहतात आणि केवळ डॉक बदलून काम भागते. त्यासाठी तो डॉक सुटा विकत मिळायला हवा. काही मॉडेलांचा मिळत नाही, आणि एका मॉडेलचा डॉक दुसऱ्याला बहुधा बसत नाही. म्हणून दुकानात यंत्र मांडीवर ठेवून ‘आणि’, ‘च्या’, ‘डोळ्यांचा’ असे काही शब्द लिहून पाहावेत, आणि सुट्या डॉकची किंमत व उपलब्धता विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.