काठीची राजवाडी होळी: पॅकेजला दोन तारे, मुक्कामाला पाच

यंदाच्या होळीला मी आणि माझी नणंद नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला जाऊन आलो. नाशिकहून दोन रात्रींचं पॅकेज, माणशी ६,५०० रुपये. संयोजकाचं नाव लिहीत नाही. त्याच्याशी समोरासमोर भांडून झालंय आणि माणशी १,५०० परतही मिळालेत.

त्याच्या जाहिरातीत होतं, ‘भोंगऱ्या: आदिवासींचा प्रेमाचा बाजार! मुलगी पसंत पडली की पळवून नेतात!’ मोलगीजवळ ज्या घरी उतरलो तिथल्या ताईंना नणंदेने पहिल्याच संध्याकाळी भाबडेपणाने याबद्दल विचारलं. ताई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “होळीआधीचा बाजार आहे तो. तुमच्याकडे दिवाळीआधी बाजार करत नाहीत का? तिथून कोणी पोरी पळवतं का?” नणंद पुढे बराच वेळ खाली मान घालून जेवत होती.

बाजारात आम्ही दुपारीच फिरून आलो होतो. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगण यांचे ढीग, आणि एकमेकींचे हात धरून चाललेल्या बायका. एक म्हातारा घुंगरांची माळ कानाशी नेऊन वाजवून बघत होता, नको म्हणून ठेवत होता, दुसरी उचलत होता. घासाघीस शेवटपर्यंत संपली नाही, आम्हीच कंटाळून पुढे गेलो.

गाडी मात्र चांगली होती. देवगोईचा घाट वळणावळणाचा आहे, ड्रायव्हरने कुठेही घाई केली नाही. वांतीची गोळी तरी घेऊन ठेवा.

आता मुख्य तक्रार. जाहिरातीत ‘पहिल्या रांगेतून दर्शन’ म्हटलं होतं. काठीला रांगबिंग काही नसते. मोकळी जागा, मध्ये होळीचा उंच बांबू आणि रात्रभर त्याच्याभोवती ढोलावर नाचणारी गावंच्या गावं. एकेक गाव आपला ढोल घेऊन येतं. आमच्या संयोजक साहेबांनी तिथे प्लॅस्टिकच्या पंधरा खुर्च्या मांडल्या आणि आम्हाला शिट्टी वाजवून बसवलं! नाचणारे येत, खुर्च्यांना वळसा घालून पुढे जात. लग्नात नवरदेवाच्या वाटेत बसलेल्या मावशांसारख्या दिसत होतो आम्ही. त्यात आमच्यातल्याच एकाने सेल्फीसाठी एका बुध्याचा, म्हणजे नवसाने सजून नाचणाऱ्याचा, दंड धरून ओढला. तो पोरगा काही बोलला नाही, दोन पावलं मागे सरला आणि गर्दीत गेला.

शेवटी ताईंच्या दिराने आम्हा दोघींना तिथून उठवलं आणि ढोलवाल्यांच्या मागे नेऊन उभं केलं. त्यांनी तिथे जे सांगितलं ते खरं तर नाशिकला गाडीत बसतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं. बुध्या होतो तो नवसाचा, व्रत घेतलेला असतो. तो खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो, पायात चप्पल घालत नाही. त्याला हात लावायचा नाही. बांबू उभा करायचा खड्डासुद्धा अवजार न लावता हातांनी उकरतात. काठी संस्थानची ही होळी १२४६ सालापासून चालत आली आहे, असं तिथे लहान पोरगंही सांगतं.

तिथून बुध्या हाताच्या अंतरावरून जात होते. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, उघड्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. लांबून नुसता ढोल ऐकू येतो. जवळून भोपळे एकमेकांवर आपटल्याचा खडखड असा कोरडा आवाज येतो, तोही सगळ्यांचा एका ठेक्यात. टोप सावरायला कोणाचा हात वर जात नव्हता. माझी ओढणी मात्र तीनदा पडली.

होळी पेटते पहाटे, उजाडायच्या आधी. आमचे खुर्चीवाले तोवर गाडीत जाऊन झोपले होते. पेटल्यावर आरडाओरडा होईल असं मला वाटलेलं, तर ढोल तेवढा वाढला आणि माझ्या शेजारच्या बाईने कडेवरच्या बाळाचं तोंड जाळाकडे वळवलं.

मुक्कामाबद्दल: सारवलेली खोली, स्वच्छ गोधड्या, संडास घरामागे थोडा लांब, बॅटरी न्या. पहाटे चांगलंच गार असतं, मार्च आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. जेवायला ज्वारीची भाकरी, लाल मिरचीची चटणी आणि आमचूर घातलेली उडदाची डाळ. मोलगीकडचं आमचूर प्रसिद्ध आहे हे ऐकून होते, पण चिंच-कोकमाच्या घरात वाढल्यामुळे कधी मनावर घेतलं नव्हतं. येताना अर्धा किलो आणलं. नणंदेने त्यातलं निम्मं नेलं.

पुढच्या वर्षी पॅकेज नको. एसटीने मोलगी गाठायचं, आणि ताईंना आधी फोन करायचा. त्यांनी एकच अट घातली आहे: “त्या शिट्टीवाल्याला आणू नका.”