टॉप्स हेरिटेज २०२४: रंग झकास, पण शेवटचे १०० कार्ड जीव काढतात

टॉप्स कंपनीचं हेरिटेज (बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा सेट) दरवर्षी येतं आणि दरवर्षी ४९ वर्षांपूर्वीचं डिझाईन घेऊन येतं, २००१ ला १९५२ चं आलं होतं, तर २०२४ च्या वाट्याला १९७५ चं आलंय आणि खरं सांगू का, मी याचीच वाट बघत होतो. ती दोन रंगांची भडक बॉर्डर, हिरवी-पिवळी काय, जांभळी-गुलाबी काय, आजचे प्लेयर त्यात भारीच दिसतात. १९७५ च्या मूळ सेटमध्ये जॉर्ज ब्रेट आणि रॉबिन याउंट या बेसबॉलच्या दिग्गजांची रूकी कार्डं (खेळाडूची सुरुवातीची, पहिली कार्डं) होती, त्यामुळे या डिझाईनला तसाही वेगळाच भाव आहे.

जाड, मॅट कार्डबोर्ड, चकचकाट नाही, मला तरी टॉप्सच्या चकचकीत क्रोम कार्डांपेक्षा हेच आवडतं. एकच लोचा, रंगीत बॉर्डरवर कोपरा जरा घासला की लगेच पांढरं दिसतं, म्हणजे पॅक फोडला की आधी स्लीव्ह (प्लास्टिकचं पाकीट), मग कौतुक.

आता रडगाणं. सेट ५०० चा, पण ४०१ ते ५०० शॉर्ट प्रिंट, म्हणजे मुद्दाम कमी छापलेली. पहिले ४०० बॉक्स फोडून, अदलाबदल करून होतात हो, पण नंतर पॅकमागे पैसे ओतत बसण्यात काही अर्थ नाही, सरळ सुटी कार्डं विकत घ्या. फक्त रूकीच्या मागे असाल तर हे घेऊच नका, टॉप्सच्या नेहमीच्या सेटची सिरीज १ बरी. सेट लावणाऱ्यांसाठी मात्र ५ पैकी ४ स्टार, एक त्या शॉर्ट प्रिंटपायी कापला.